हात लावायचा नाही

सिमिलानला जाणाऱ्या बोटीवर माझं सकाळचं ब्रीफिंग एकाच वाक्यावर संपतं : कशालाही हात लावायचा नाही. थायलंडच्या किनाऱ्यापासून बरंच आत, अंदमान समुद्रात ही बेटं आहेत. १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळं बंद. उरलेले महिने मी डाइव्हमास्टर म्हणून, म्हणजे लोकांना पाण्याखाली फिरवून आणणारा म्हणून, बोटीवरच काढतो. ते वाक्य झोपेतही बडबडत असेन.

त्या दिवशी एलिफंट हेड रॉकवर डाइव्ह होती. पाण्याबाहेर ग्रॅनाइटची तीन टोकं दिसतात, एवढंच. खाली मात्र घराएवढे धोंडे एकमेकांवर कलंडलेले आणि त्यांच्यामधून जायला अरुंद बोळ. माझा जीव आहे या बोळांवर. सोबत चौघं होते. त्यातले एक मराठी, पन्नाशीचे. ‘काका’ म्हटलेलं त्यांना रुचलं नाही, म्हणून ‘सर’. त्यांच्या साठेक डाइव्ह झालेल्या, श्वास एकदम शांत. म्हणून त्यांना सगळ्यात मागे ठेवलं आणि मी नजर ठेवून होतो ती नवख्या जोडप्यावर. इथेच चुकलो.

२४ मीटरवर बोळातून बाहेर पडलो, तर समोरचं पाणी थरथरत होतं. भर उन्हात डांबरी रस्त्यावर हवा हलते ना, तसं. बोटीवर आम्ही त्याला नुसतं ‘हिरवं’ म्हणतो. थंड पाण्याच्या या लाटा वरून कळत नाहीत. पश्चिमेला, निकोबारच्या बाजूला, तळातल्या उंचवट्यांवरून भरती-ओहोटीचं पाणी वाहताना त्या उठतात आणि आतल्या आत इकडे सरकत येतात. हे सगळं ठाऊक असूनही घोट्यापासून मानेपर्यंत गारठा चढला तेव्हा पोटात गोळा आलाच. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर २९ अंशांचे २३ झाले. एवढा वेळ २५ मीटरपर्यंत दिसत होतं, आता जेमतेम ५.

मागे वळून डोकी मोजली. तीन.

तिघांना धोंड्याच्या आडोशाला थांबायची खूण केली आणि वळलो. करंटने सरांना कडेवरून बाहेर ओढलं होतं आणि ते उलट दिशेने जीव खाऊन पाय मारत होते. बुडबुडे थांबतच नव्हते. त्या खोलीवर एकेका श्वासाला वरच्यापेक्षा तिपटीहून जास्त हवा जाते. धापा टाकणाऱ्याचा काटा बघता बघता खाली येतो. मी त्यांच्या बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचा, खांद्याजवळचा पट्टा डाव्या हाताने पकडला. आणि उजव्या हाताने खडक.

हातमोजे मी घालत नाही. घातले की माणूस बिनधास्त धरत सुटतो.

बोटांखाली काहीतरी मऊ चिरडलं. त्याखालच्या धारेने कातडी सोलली. सोडलं नाही. दोन्ही हात अडकलेले, खूण करायला तिसरा कुठून आणणार? म्हणून त्यांच्या मास्कसमोर तोंड नेऊन लांबलचक श्वास सोडून दाखवला. पुन्हा. पुन्हा. चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांचे बुडबुडे माझ्या बुडबुड्यांबरोबर निघाले.

त्यांच्या टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजवर ६० बार. उतरताना २०० होते. माझा जादा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, त्यांच्या तोंडात दिला, बाकीच्यांना गोळा केलं आणि वर निघालो. निघताना खाली बघितलं. माझा गुडघा टेकला होता तिथल्या सी फॅनची, म्हणजे पंख्यासारख्या प्रवाळाची, वीतभर फांदी मोडून नुसती लोंबकळत होती. तेवढी वाढायला काही वर्षं गेली असणार.

५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो, नारिंगी बोया वर सोडला. ती ३ मिनिटं सर माझ्याकडे एकटक बघत होते.

बोटीवर टॉवेल गुंडाळून, दात वाजवत त्यांनी पहिलं काय विचारावं? “हे असलं पाणी इथे कायम येतं?”

“येतं. आणि येतं ते बरंच आहे,” मी म्हणालो. २०१० मध्ये समुद्र तापून इथली प्रवाळं पांढरी पडली, तेव्हा या थंड लाटा आदळतात त्या पश्चिमेच्या अंगाला कमी फटका बसला होता.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही खडक धरलात पण.”

“धरला.”

दुपारच्या डाइव्हचं ब्रीफिंग मीच केलं. शेवटच्या वाक्याशी आलो तेव्हा सर समोरच बसले होते आणि माझ्या दोन बोटांवरच्या पट्ट्यांकडे बघत होते. वाक्य म्हटलं, पण नेहमीपेक्षा हळू आवाजात.