ट्रेच्या तळाचा रस

रविवार, रात्र

"रस्सा कुठाय?" असे अण्णांनी विचारले आणि मी समोरची वाटी दाखवायचे सोडून नुसतीच उभी राहिले. वाटी त्यांच्या हाताशीच होती आणि तीत मी दुपारभर खपून केलेली ग्रेव्ही होती; तपकिरी, चकचकीत, चमच्याच्या पाठीला धरून राहील इतपत दाट. विचारण्यात तक्रार नव्हती हे मला तेव्हाच कळत होते. तरीही जेवणे झाली, ओटा आवरला, सगळे निजले आणि ते दोन शब्द काही मनातून जाईनात, म्हणून लिहायला बसले आहे.

आखाडातल्या रविवारी आमच्याकडे काय शिजते ते वेगळे सांगायला नको. आज मात्र धाकट्याने अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायचे ठरवले होते. कातडीसकट द्या म्हटल्यावर दुकानदाराने पुन्हा विचारून खात्री करून घेतली, कारण इथे सोललेलीच कोंबडी मागायची पद्धत. दीड किलोची होती. आदल्या रात्री मीठ चोळून ठेवणे, दोनशे अंशांवर सव्वा तास भाजणे, बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे कापायची नाही म्हणून पहारा देणे, हे सगळे त्याने केले. ग्रेव्ही माझ्याकडे आली. घरात जे जे पातळ ते माझ्याकडे, हे आत्या होत्या तेव्हापासूनच ठरून गेलेले आहे.

कोंबडी भाजत असताना मी मान, पाय आणि पंखांची टोके कांदा, गाजर व चार मिरीदाणे घालून मंद आचेवर ठेवली. काळीज त्यात घातले नाही, कारण त्याने पाणी कडवट होते. ट्रेमध्ये कोंबडीखाली कांद्याचे जाड काप होते आणि मधूनमधून थोडे पाणी शिंपडत राहिले, म्हणजे गळणारा रस कोरडा पडून जळत नाही. कोंबडी ताटात काढल्यावर ट्रे बघून धाकटा म्हणाला, "हे करपलंय, धुऊन टाकू का?" मी ट्रे त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. तळाला जे धरले होते ते करपलेले नव्हते, गडद तपकिरी होते. बोटाने जरासे चाखले, तर कडू नव्हते, गोडसर-खारट होते. सगळी चव तिथेच असते. मांसातली प्रथिने आणि साखर तापली की हा रंग आणि हा वास तयार होतो; लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेची नोंद केली, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. मटण सुके करताना पातेल्याच्या तळाला जे लागते आणि आपण पाण्याचा हबका मारून उलथन्याने सोडवून घेतो, तेही हेच. आत्यांना मायार माहीत असण्याचे कारण नव्हते, पण ते सोडवून घेतल्याशिवाय त्यांनी पातेले कधी घासायला टाकले नाही.

ट्रेमधली वरची चरबी काढून दोन मोठे चमचे तेवढी ठेवली, ट्रे तसाच गॅसवर ठेवला आणि दोन चमचे मैदा त्यात परतला. कच्चा वास जाऊन लाडवाचे बेसन भाजताना येतो तसा खमंग वास आला, तेव्हा मान-पायांचे ते पाणी घालायला घेतले. ही पायरी सगळ्यात नाजूक आहे. सगळे पाणी एकदम ओतले तर मैद्याच्या गोळ्या होतात, कारण गोळीचा बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आतले पीठ कोरडेच कोंडून राहते. म्हणून आधी पळीभर पाणी, ते पूर्ण मिळून आले की पुढची पळी, आणि हात थांबवायचा नाही. असे सुमारे अर्धा लिटर पाणी गेले. तोवर तळाचे सगळे आपोआप सुटून आले आणि रंग तर असा उतरला की धाकटा गप्प होऊन बघत राहिला. कोंबडी विसावली होती त्या ताटात उतरलेला रसही घातला, कांदा दाबून गाळून घेतले, आटवले, आणि मीठ अगदी शेवटी, कारण आटताना खारटपणा वाढतो. इंग्रज स्वयंपाकात यात वाइन घालतात. मी अर्ध्या लिंबाचा रस पिळला आणि तो मला जास्त योग्य वाटला. पुडीतली ग्रेव्हीही मिळते, इंग्लंडात तर बिस्टो १९०८ पासून विकतात. पण भाजलेल्या त्याच कोंबडीचा रस ज्यात नाही, तिला त्या कोंबडीची ग्रेव्ही म्हणायला माझे मन तयार होत नाही.

एवढे सगळे झाल्यावर "रस्सा कुठाय?"

खरे सांगायचे तर मला वाईट वाटले आणि अजून वाटते आहे. या घरात आल्यापासून पांढरा रस्सा मीच करते. अळणीत, म्हणजे मटणाच्या बिनतिखटाच्या पाण्यात, हळद पडू द्यायची नाही, खसखस आणि काजू गंधासारखे वाटायचे, नारळाचे दूध घातल्यावर आच वाढवायची नाही आणि पळी थांबवायची नाही, नाहीतर दूध फाटते. हे सगळे सांभाळून केलेल्या रश्श्याला लोक अजूनही आत्यांच्या हातचा म्हणतात. त्यात मला कमीपणा वाटत नाही, शिकवले त्यांनीच. पण आजची वाटी तरी कुणाच्या हातची नव्हती, ती माझी एकटीची होती, आणि नेमकी तीच दिसू नये? कोंबडीचे कौतुक झाले. कातडी किती कुरकुरीत झाली आहे ते वहिनींनी तीनतीनदा सांगितले. ग्रेव्ही सगळ्यांनी घेतली, पण तिच्याविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. आत्या असत्या तर बोट बुडवून चाखल्याशिवाय राहिल्या नसत्या आणि काहीतरी बोलल्याच असत्या, बरे किंवा वाईट.

ते असो.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नाही. अण्णांची वाटी उचलताना मी पाहिले, ती चपातीच्या तुकड्याने पुसून खाल्लेली होती, कडेला लागलेलेसुद्धा ठेवले नव्हते. म्हणजे ग्रेव्ही त्यांना दिसली, आवडली, आणि तरीही त्यांनी रस्सा विचारला. हे ध्यानात आल्यापासून माझा राग धरून ठेवणे जरा अवघड झाले आहे.

मग मी निराळा विचार करून पाहिला. कोल्हापुरात मटणाच्या जेवणाची पारख रश्श्यावरून होते. फोडी किती पडल्या हे माणूस एकवेळ मोजणार नाही, पण रश्श्याला हात आखडता घेतला तर ते घर वर्षभर बोलले जाते. पांढरा वाटीने प्यायचा, तांबडा भातावर मोकळ्या हाताने घ्यायचा, पुन्हा वाढा म्हणायचे, आणि वाढणाऱ्याने पातेले घेऊन उभेच असायचे. अण्णा सत्तर वर्षे असे जेवले आहेत. ग्रेव्हीचा स्वभावच उलटा. दीड किलोच्या कोंबडीची ती आटवून दोन-अडीच वाट्या होते, पाच माणसांत अर्धी-अर्धी वाटी येते, आणि ती प्यायची नसते, घासाला लागण्यापुरती घ्यायची असते. अण्णांनी ती चटणी-कोशिंबिरीच्या मानाने घेतली असणार, चवीने संपवली असणार, आणि मग जेवण आता सुरू होईल म्हणून रस्सा मागितला असणार. त्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अगदी बरोबर होता. मी एवढे वाईट वाटून घेतले त्याला आणखीही काही कारण असेल, पण ते आज उकरत नाही.

कोंबडीचा सांगाडा मी टाकलेला नाही. उद्या सोमवार, त्यामुळे तो डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवला आहे, बुधवारी काढीन. त्याचा पांढरा होणार नाही, कारण भाजलेल्या हाडांचे पाणी तपकिरी उतरते आणि दुधाचा रंग बिघडतो. तांबड्याला मात्र ते पाणी उत्तम. सुके खोबरे आणि तीळ नेहमीपेक्षा हलके भाजायचे, कारण भाजल्याची चव पाण्यात आधीच आहे, आणि कांदा-लसूण चटणी घरचीच. शिल्लक राहिलेली चरबीही एका वाटीत जपून ठेवली आहे, तेलाऐवजी तीच तापवून चटणी घातली तर कट चांगला सुटेल असे वाटते.

ग्रेव्ही सोडणार नाही. पुढच्या वेळी कोंबडीबरोबर पाय आणि माना अर्धा किलो जादा मागून घेईन, म्हणजे पाणी दीड लिटर निघेल. मैदा त्या हिशेबाने वाढवणार नाही, त्याने नुसती खळ होते. पाणीच आटवून निम्म्यावर आणायचे. भात जरा जास्त लावायचा आणि ग्रेव्ही वाटीत न घालता पातेल्यातूनच वाढायची.