रांजणाजवळची रांग

आपल्या शाळेत कोणी स्वतःच्या हाताने पाणी घ्यायचे नाही, असा नियम होता. तो कुठल्या फळ्यावर लिहिलेला नव्हता आणि प्रार्थनेनंतरच्या सूचनांमध्येही कधी सांगितला गेला नाही. तरीही मी दहावी होऊन बाहेर पडेपर्यंतच्या सात वर्षांत तो मोडलेला मला आठवत नाही. कडुनिंबाखाली अर्धा मातीत पुरलेला रांजण होता, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर लांब दांड्याचे पितळी ओगराळे, ज्याला आम्ही सगळी लेकरे वगराळे म्हणत असू. मधल्या सुट्टीत रांग लागे. पहिल्या मुलाला शिपाईमामा पाणी वाढत. तो पिऊन झाला की वगराळे त्याच्या हाती येई आणि तो आपल्या मागच्याच्या ओंजळीत पाणी ओते, तो त्याच्या मागच्याच्या. रांगेतले शेवटचे लेकरू मामांना वाढे आणि मग मामा झाकण लावत.

या नियमाचा जन्म दुष्काळात झाला. १९७२ साली मी चौथीत होते. आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरात मिलोच्या लाल भाकरी होत्या आणि शाळेत मिळणाऱ्या सुकडीची वाट आम्ही घंटेपेक्षा जास्त पाहत असू. गावातला आड आटला होता. शाळेचे पाणी बैलगाडीवर टिपाडात भरून दूरच्या विहिरीवरून येई आणि ते संध्याकाळपर्यंत पुरवावे लागे. एका हाताने वगराळे धरून दुसऱ्या हाताच्या पसरलेल्या तळव्यावर पाणी ओतले की निम्मे सांडते, हे मामांच्या ध्यानात आले. ओंजळीला दोन्ही हात लागतात, म्हणून वाढणारा दुसराच कोणीतरी हवा. एवढ्या साध्या हिशेबातून ती रांग सुरू झाली. भूतदया, समता असे मोठे शब्द त्यात कुठेही नव्हते. पाणी वाचवायचे होते. पुढच्या वर्षी पाऊस झाला, आडाला पाणी आले, तरी रांग तशीच राहिली, आणि मला वाटते शाळेने आम्हाला दिलेल्या शिक्षणातला फार मोठा भाग त्या राहून गेलेल्या सवयीत होता.

ओंजळीत वरून पाणी ओतण्याला आपल्याकडे दुसरा, फार जुना आणि वाईट अर्थ आहे, हे आम्हाला त्या वयात समजत नव्हते. भांड्याला स्पर्श होऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना असेच उंचावरून पाणी दिले गेले. सार्वजनिक तळ्यावरचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह जावे लागले, हे इतिहासाच्या पुस्तकात आम्ही नंतर वाचले. पैठणच्या नाथमहाराजांनी काशीहून आणलेल्या कावडीतले पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आमच्या गावातल्या कीर्तनांमध्ये कितीदा तरी ऐकली जाई. ऐकताना माणसांचे डोळे भरून येत आणि घरी जाताना तीच माणसे दोन पाणवठ्यांना जाणाऱ्या दोन वाटांनी जात. कथा कानात राहिली होती, ती हातात उतरली नव्हती. शाळेच्या रांजणापाशी मात्र सगळेच ओंजळीने पीत, सगळेच वाढत, आणि कोणाच्या मागे कोण उभे राहील हे केवळ कोण आधी पळत आले यावर ठरे.

आता जे लिहिते आहे ते लिहू की नको, याचा मी बरेच दिवस विचार केला. आठवीत असताना माझी जिवलग मैत्रीण भूगोलाची वही मागायला आमच्या घरी आली. ती भीमनगरातली होती. उन्हातून आल्यामुळे तिला तहान लागली होती. माझ्या आजीने तिला पाणी दिले, पण दारातच, ओंजळ करायला सांगून, तांब्या उंच धरून. आजी स्वभावाने मायाळू होती. पाणी देताना ती तिला "पी, लेकरा, पोटभर पी" असेच म्हणत होती. मैत्रिणीने पाणी प्यायले, ओल्या हातांना वही लागू नये म्हणून ते परकराला पुसले, वही घेतली आणि ती गेली. मी चौकटीला टेकून उभी होते. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी रांजणाजवळ ती माझ्या पुढे होती. तिने माझ्या ओंजळीत पाणी वाढले, नेहमीसारखेच, एक थेंबही न सांडता. मी मान वर करून तिच्याकडे पाहू शकले नाही.

१९७८ साली मी दहावीत होते. २७ जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, परंतु बोलणे थांबले. भीमनगरातली मुले आठ-दहा दिवस शाळेत आली नाहीत. ती परत आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत रांग लागली खरी, पण ती मध्येच तुटली होती. नववीतला एक मुलगा पिऊन, वगराळे हातात धरून उभा होता आणि त्याच्या मागे दोन हात जागा रिकामी होती. घरून काय सांगून पाठवले होते, ते त्या रिकाम्या जागेकडे पाहून सगळ्यांना कळत होते.

मोठे गुरुजी व्हरांड्यात होते. ते पायऱ्या उतरून आले, त्या मोकळ्या जागेत उभे राहिले, टोपी काढून बगलेत धरली आणि वाकून ओंजळ पुढे केली. मुलाचा हात थरथरत होता. थोडे पाणी गुरुजींच्या बाहीवर सांडले. ते दोन ओंजळी प्यायले, मग त्यांनी वगराळे घेतले, मागे वळले आणि मागच्या मुलाकडे नुसते पाहिले. तो गावातल्या मोठ्या वाड्यातला मुलगा होता. त्याने ओंजळ केली. गुरुजी एक शब्दही बोलले नाहीत आणि तासालाही त्यांनी तो विषय काढला नाही. त्या तासाला त्यांनी आम्हाला वर्गसमीकरणे शिकवली. त्यानंतर आमच्या गावातले सगळे काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही, कारण ते झाले नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. परंतु शाळेतली रांग त्या दिवशी जोडली गेली ती पुन्हा तुटलेली मी पाहिली नाही.

पुढे मी परिचारिका झाले आणि २०२१ साली निवृत्त होईपर्यंत सरकारी रुग्णालयांतून काम केले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी रात्रपाळीला तापाच्या वॉर्डात एक आजोबा सारखे पाणी मागत होते. मी एकटीच होते, खाटांपेक्षा रुग्ण जास्त होते, आणि चौथ्या वेळी माझ्या तोंडून गेले, "आजोबा, इथे तुम्ही एकटेच आहात का?" मी पाणी दिले, पण ग्लास स्टुलावर आपटून दिला. सकाळी त्यांच्या सुनेने सांगितले की त्यानंतर त्यांनी रात्रभर पाणी मागितलेच नाही. ती द्यायला उठली तर "नको, बाई चिडतात" म्हणून तिलाही थांबवले. आजोबा बरे होऊन घरी गेले. जाताना बाकीच्या रुग्णांसारखे जवळ येऊन बोलले नाहीत. दारातूनच त्यांनी मला हात जोडले. त्या दिवसापासून मी रुग्णाला पाणी दिले ते त्याच्या हातात दिले, आणि तो पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले. याला फार तर अर्धा मिनिट लागतो. इंजेक्शन देण्याआधी काय करणार ते सांगणे, खाटेच्या क्रमांकाऐवजी नावाने हाक मारणे, नातेवाइकाला उभ्या उभ्या उत्तर न देता बसवून सांगणे, या गोष्टी कुठल्याही नोंदवहीत चढत नाहीत. परंतु ज्या वॉर्डात त्या होत असत, तिथे नातेवाईक एकमेकांच्या रुग्णांनाही धरून उठवत आणि एका घरचा डबा तीन खाटांवर फिरे. जिथे होत नसत, तिथे प्लगच्या एका जागेवरून भांडणे होत. मी दोन्ही प्रकारच्या वॉर्डांत काम केले आहे, आणि पहिल्या प्रकारच्या वॉर्डातून घरी जाताना पाय तितकेच दुखत असले तरी मन थकलेले नसे, हे माझ्याइतकेच माझ्या सहकारी भगिनीही सांगतील.

किल्लारीच्या भागातही मला हेच वेगळ्या रीतीने दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल मी इथे लिहीत नाही. ते लिहायला ही पाने पुरणार नाहीत. पुढे पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसली. लसीकरणासाठी मी त्यांतल्या काही गावांत जात असे. घरे पक्की होती, रस्ते रुंद आणि सरळ होते, आणि म्हाताऱ्या बायका सांगत की पूर्वी भिंतीपलीकडून हाक यायची, आता शेजारणीकडे जायचे तर पायांत चप्पल घालावी लागते. ते रुंद रस्ते त्या मातीत गाडल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीने आखलेले होते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु विरजण मागणे, लेकरू घटकाभर सांभाळणे, दुखणाइताला डोकावून पाहणे ही रोजची वागणूक जवळपणावर जगते, आणि तो जवळपणा त्या माणसांनी ओसरीवरच्या बैठकींनी पुन्हा नव्याने विणायला घेतला होता.

अशा वागणुकीवर शास्त्रीय अभ्यासही होतात, हे मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेला, माणसांच्या आयुष्यांचा पाठपुरावा करणारा अभ्यास आजही चालू आहे आणि उतारवयातले आरोग्य व समाधान यांचा जवळच्या माणसांशी असलेल्या नात्यांशी घट्ट संबंध असल्याचे त्यातून दिसून आले आहे. परंतु मला अधिक लागून राहिला तो अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. त्यातल्या एका प्रयोगात शिकागोमध्ये बर्फावरच्या घसरण्याच्या मैदानाजवळ लोकांना गरम चॉकलेटचा पेला अनोळखी माणसाला द्यायला सांगितले. घेणाऱ्याला यामुळे किती बरे वाटेल, याचा देणाऱ्यांनी केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. देणारा पेल्याचा विचार करत होता, आणि घेणाऱ्यापर्यंत पेल्याबरोबर आपुलकीही पोचत होती. हे वाचताना मला मोठ्या गुरुजींची ओली बाही आठवली, आणि लगेच स्टुलावर आपटलेला ग्लासही आठवला. त्या प्रयोगात तपासली ती दया. पण जे आपण लहान समजून करतो ते दुसऱ्याला मोठे होऊन पोचते, हे कठोरपणालाही तितकेच लागू असावे, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याच्या टाक्यांपाशी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. आमच्या गल्लीत टँकर आला की पहिल्या दोन वेळा ढकलाढकली झाली. तिसऱ्या वेळी समोरच्या वहिनींनी आपली घागर भरायच्या आधी पाइप शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या पिंपात सोडला आणि मग त्यांच्या मागच्या बाईने वहिनींची घागर भरली. वहिनी आपल्या शाळेच्या नव्हेत, त्यांनी आपला रांजण कधी पाहिला नाही. तो उन्हाळा संपेपर्यंत आमच्या गल्लीत पाण्यावरून पुन्हा भांडण झाले नाही.

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत माझी ती मैत्रीण मला चाळीसहून अधिक वर्षांनी भेटली. ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. चहा घेताना मी धीर करून तिला तो प्रसंग आठवतो का, असे विचारले. ती म्हणाली, "आठवतो की. तुझ्या आजीचं मला काही वाटलं नाही गं, सगळीकडं तसंच होतं. तुझं गप्प बसणं आठवतं." मी तिची क्षमा मागितली. तिने माझा हात हातात घेतला, पण "जाऊ दे" असे म्हणाली नाही, आणि तिने ते म्हटले नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे. मग तिने मला मोठ्या गुरुजींची ती ओंजळ आठवते का, असे विचारले, आणि दोघींना एकाच वेळी रडू आले. त्या दिवशी थरथरत्या हातांनी वगराळे धरलेला नववीतला मुलगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ होता. गुरुजींचे शेवटचे आजारपण कळल्यावर तो रजा काढून त्यांच्या उशाशी आठ दिवस राहिला होता.

आता शाळेत गाळणीयंत्र आहे, नळांची रांग आहे आणि प्रत्येक मुलाच्या दप्तरात त्याची बाटली आहे, हे चांगलेच आहे. आमच्या १९७९ च्या तुकडीने वर्गणी काढून कडुनिंबाखाली पुन्हा एक रांजण बसवायचे ठरवले आहे. जुने वगराळे मामांच्या नातवाने जपून ठेवले आहे; त्याच्या दांड्याला दोन ठिकाणी डाग दिलेला आहे. महोत्सवाच्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा वाजवली जाईल तेव्हा त्या रांगेत मी माझ्या मैत्रिणीच्या मागे उभी राहणार आहे.