पाचवीची पापी

पाचवीच्या दिवशी मी परभणीहून गंगाखेडला पोचलो तेव्हा नुकताच तापातून उठलो होतो. ओठाच्या कडेला बारीक फोडं आलेली. आई म्हणाली, "कोळी मुतला रे, हळद लाव." हळद लावली आणि त्याच तोंडानं भाच्याच्या डोळ्याची पापी घेतली.

बारशाच्या आदल्या दिवशी त्याचा डावा डोळा सुजला, पाणी गळायलं. आईनं ताईचं दूध डोळ्यात सोडलं. मी मेडिकलवरून ड्रॉप आणले. ताईनं टाकू दिले नाहीत म्हणून बरं, त्यात स्टेरॉइड होतं. या दुखण्यात ते म्हणजे आगीत तेल. रात्री पापणीच्या कडेला मोहरीएवढे दोन पाण्याचे फोड दिसले. बारसं राहिलं, पहाटे नांदेड गाठलं.

डॉक्टरबाईंनी डोळ्याला नारिंगी रंगाची पट्टी टेकवली आणि निळा उजेड टाकला. मला वाकून बघायला लावलं. बुबुळावर हिरवी रेघ, बाभळीच्या डहाळीसारखी फाटे फुटलेली, टोकांना बारीक गाठी. हर्पीस नावाचा विषाणू. मोठ्या माणसाचं डोळ्यावर भागतं, तान्ह्या बाळात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो म्हणाल्या. पाठीतलं पाणी काढलं. ते चांगलं निघालं. डोळ्यात औषध होतंच, शिवाय शिरेतून एसायक्लोविर, दर 8 तासांनी, 14 दिवस. पाण्यात दोष असता तर 21. सुई चारदा सरकली. शेवटी तो इवला हात फळीला बांधला.

बहुतेक बाळांना हे बाळंतपणात आईकडून येतं आणि कित्येक आयांना स्वतःला काही आहे याचा पत्ताही नसतो, असं बाई सांगत होत्या. ताईच्या सासूबाईंनी तेवढंच धरलं. "हिलाच काहीतरी असंल," व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाईंचं पुढचं वाक्य मी ऐकलं होतं: ओठावर फोड असलेल्या माणसानं पापी घेतली तरी येतं. माझ्या ओठावर खपली अजून होती. मी रुमाल वर ओढला आणि गप्प बसलो. आठ दिवस गप्प बसलो.

नवव्या रात्री ताईला सांगितलं. नक्की कुणाकडून आलं हे कळायला मार्ग नाही, हेही सांगितलं. तेवढी पळवाट ठेवलीच. ती म्हणाली, "मला पाचवीलाच तुझा ओठ दिसला होता. सिस्टरला बोलव, डोसची वेळ झाली."

डोळा निवळलाय. आता 6 महिने तेच औषध तोंडावाटे, दिवसातून तीनदा. मधूनमधून रक्त तपासायचं.

सासूबाईंना मी अजून बोललेलो नाही. त्या हे वाचणार नाहीत. दाजी वाचतात.