आमची वाटचाल: निरोगी पोळं ओळखायला शिकलो तेव्हा

2009 साली जावळी तालुक्यात सातेरी या देशी मधमाश्यांच्या 12 पेट्यांवर मी आणि धाकट्या भावानं मधमाशीपालनाचा धंदा सुरू केला. उन्हाळ्यात जांभळाचा, हिरड्याचा मध काढायचा आणि पावसाळ्यात माश्या जगवायला साखरेचा पाक द्यायचा. पुढं मेलिफेरा या परदेशी माशीच्या पेट्या घेतल्या. त्या सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांत आणि कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर परागीभवनासाठी भाड्यानं जायला लागल्या. पेट्या वाढल्या तशी माणसं ठेवली. पेटी उचलणं, पाक देणं, मध काढणं हे सगळं त्यांना शिकवलं, पण पोळ्यातली पिल्लं, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, कशी बघायची ते शिकवलं नाही, कारण ते मलाच नीट येत नव्हतं.

त्याची किंमत 2014 च्या पावसाळ्यात मोजली. ऑगस्टमध्ये एका पोरानं सांगितलं, "दादा, थोडी पिल्लं मेलेली दिसतायत." गारठ्यानं मेली असतील, असं मीच म्हणालो. कमकुवत पेट्यांना जोर यावा म्हणून त्यांच्यात दुसऱ्या पेट्यांतल्या पिल्लांच्या फ्रेम, म्हणजे पोळं असलेल्या लाकडी चौकटी, घातल्या. म्हणजे रोग आम्ही आमच्याच हातानं घरोघरी पोचवला. दसऱ्यापर्यंत सातेरीच्या 64 पैकी 41 पेट्या रिकाम्या झाल्या. रिकाम्या पेटीचं झाकण उघडल्यावर येणारा तो वास अजून आठवतो.

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत गेलो, तेव्हा रोगाचं नाव कळलं: थाई सॅकब्रूड, अळ्या मारणारा विषाणूचा रोग. 1991-92 च्या सुमारास याच विषाणूनं केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. यावर औषध नाही. विषाणूपुढं अँटिबायोटिक काही कामाचं नाही, उलट त्याचा अंश मधात उतरतो. वेळेवर ओळखणं एवढंच आपल्या हातात.

म्हणून शिकवायची पद्धत बदलली. नवीन माणसाला पहिला महिनाभर आजारी पोळं दाखवतच नाही. ऊन पाठीवर घेऊन बसायचं, फ्रेम अशी धरायची की उजेड थेट पोळ्यातल्या घराच्या तळापर्यंत जाईल, आणि निरोगी पिल्लंच बघत राहायची. अंडी तीन दिवस. मग तळाशी गोल वेटोळं घातलेली, मोत्यासारखी पांढरी, ओलसर चमकणारी अळी. कोषाची झाकणं एकसारखी आणि जराशी फुगीर, मध्ये फारशी घरं मोकळी नाहीत. हे चित्र डोळ्यांत बसलं की बिघाड आपोआप खटकतो.

आमच्याकडच्या एका मावशींना तो सगळ्यात आधी खटकला. पूर्वी त्या बियाण्यासाठी भात निवडायच्या. एका सप्टेंबरात फ्रेम हातात घेऊन म्हणाल्या, "दादा, ही अळी सरळ झोपलीय." खरंच, वेटोळं मोडून ती घरात लांब पसरली होती, डोकं वर उचललेलं, रंग पिवळसर. चिमट्यानं हळूच धरली तर अख्खी बाहेर आली, कातडीची पिशवी आणि तिच्या खालच्या टोकाला साचलेलं पाणी. त्या फ्रेमवर अशी पाचच घरं होती. त्याच दिवशी पेटी लांब नेली, पिल्लांच्या फ्रेम जाळल्या, राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवली आणि नंतर निरोगी वसाहतीतली राणी दिली. शेजारच्या पेट्या वाचल्या.

मेलिफेराला वेगळी नजर लागते. 2019 मध्ये एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या पेट्यांत आंबूस वास आला, अळ्या वेड्यावाकड्या आणि पिवळट. फाउलब्रूडचा, म्हणजे अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूंच्या रोगाचा संशय आला, पण कोणता? अमेरिकन प्रकारात अळी बहुधा झाकण लागल्यावर मरते. झाकण खचतं, त्याला भोकं पडतात, आणि आगकाडी आत फिरवून ओढली की तपकिरी चिकट तार निघते. त्याचे बीजाणू पेटीच्या लाकडात कित्येक दशकं टिकतात. आमच्या काडीला तार आली नाही, आणि मेलेल्या अळ्या उघड्या घरांतच होत्या. युरोपियन फाउलब्रूड निघाला. तरीही त्या पेट्या बागेत पाठवल्या नाहीत, भाडं बुडालं तरी चालेल म्हटलं.

आज सहा माणसं आणि 180 पेट्या आहेत. एका पेटीतली फ्रेम दुसऱ्या पेटीत घालायची तर आधी मावशींनी ती बघायची, हा नियम मलाही लागू आहे. संशय आला तर कुणीही काम थांबवावं, त्याचा रोज कापला जात नाही. प्रत्येक पेटीनंतर फ्रेम सोडवायची लोखंडी पट्टी आगीवर धरायची, हात साबणानं धुवायचे. याला वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

सप्टेंबरच्या मध्यापासून आमची पावसाळ्यानंतरची तपासणी सुरू होते. आसपासच्या मधपाळांनी आपली माणसं त्या दिवसांत शिकायला जरूर पाठवावीत, पैसे घेत नाही. फक्त आजारी वाटणारी फ्रेम सोबत आणू नका. निरोप द्या, बघायला आम्हीच येतो.