कॉम्प्युटरमध्ये बीए? तुम्ही विचारलंत म्हणून

"अमेरिकेत जाऊन बीए? तेही कॉम्प्युटरमध्ये? इथलं इंजिनिअरिंग काय वाईट होतं?" लिबरल आर्ट्स कॉलेजांचं, म्हणजे अनेक विषय शिकवणाऱ्या, मुख्यतः पदवीपुरत्या लहान कॉलेजांचं नाव काढलं की हे येतंच. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. तरी एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

आधी पदवीचं. व्हिसाच्या नियमांना बीए की बीएस याच्याशी देणंघेणं नाही. आय-20 वरचा, म्हणजे कॉलेज व्हिसासाठी देतं त्या कागदावरचा, सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) बघतात. कॉम्प्युटर सायन्सचा साधारणपणे 11.0701. तो एसटीईएमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या) यादीत आहे, म्हणून 12 महिन्यांच्या ओपीटीनंतर, म्हणजे शिक्षणाला जोडून तिथे काम करायच्या परवानगीनंतर, आणखी 24 महिन्यांसाठी अर्ज करता येतो. फसू शकतात ते अर्थशास्त्रवाले: कॉलेजने 45.0601 लावला असेल तर वाढीव महिने नाहीत, 45.0603 असेल तर आहेत. त्यांना मात्र कोणी लग्नात गाठून विचारत नाही.

विषय कमी होतात? होतात. विल्यम्स किंवा अ‍ॅमहर्स्टला चार वर्षांत 32 कोर्स, सत्राला चार. मेजर, म्हणजे मुख्य विषय, त्यातल्या दहा-बारा कोर्सांत आटोपतं. हार्डवेअरची बाजू आपल्या इंजिनिअरिंगच्या मानाने पातळच राहते. डिपार्टमेंट लहान, पीएचडीचे विद्यार्थी नाहीत. कम्पायलर शिकवणारे प्राध्यापक सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेले की त्या वर्षी बहुधा कम्पायलर नाही. शेजारच्या कॉलेजात घेता येतो म्हणतात. येतो, पण वेळापत्रक जुळलं आणि तिथे जागा उरली तर.

पण मुलं खरी अडकतात ती पहिल्या वर्षीच्या कोर्सनिवडीत, आणि तेव्हा कोणाच्या ते लक्षातही येत नाही. फिलाडेल्फियाजवळचं स्वॉर्थमोर घ्या. सुरुवात सीएस 21 या कोर्सने, पायथनमध्ये. पुढे दोन कोर्स, कुठलाही आधी चालतो: 31 मध्ये सी आणि असेंब्ली, 35 मध्ये सी++ आणि डेटा स्ट्रक्चर्स. हे झाल्याशिवाय वरचे बहुतेक कोर्स उघडत नाहीत. समजा पहिल्या फॉलला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्रात, तत्त्वज्ञान, इतिहास, गणित, स्पॅनिश घेतलं आणि 21 स्प्रिंगवर, म्हणजे दुसऱ्या सत्रावर ढकलला. पुढच्या फॉलला 31 आणि 35 एकत्र घ्यायचे तर आठवड्याला दोन लॅब: इकडे पॉइंटर चुकून सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद, जीडीबी हे चुका शोधायचं साधन उघडून ओळ शोधा, तिकडे व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं साधन न सोडलेली मेमरी बाइटनिशी मोजून दाखवतंय. म्हणून एकच घेतला जातो. तो 31 निघाला, की 35 स्प्रिंगला आणि अल्गोरिदम्स थेट तिसऱ्या वर्षाच्या फॉलला. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे अर्ज त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. ऑनलाइन चाचणीत अल्गोरिदम्समधलेच ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. वर्गात अजून बिग-ओ, म्हणजे अल्गोरिदमला किती वेळ लागतो त्याचा सुरुवातीचा हिशेब. त्यात त्या वर्षीची स्प्रिंग परदेशी सत्रासाठी राखून ठेवलेली असली आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स नेमका तेव्हाच असला, तर तोही गेला. पुढे ढकललं होतं एकच सत्र, तेही दोन वर्षांपूर्वी.

उपाय कंटाळवाणा आहे: 21 पहिल्याच फॉलला, 35 लगेच स्प्रिंगला, जोडीला डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे अल्गोरिदम्स दुसऱ्या वर्षात बसतं. 35 ला जागा मिळाली नाही तर काय, हेही आधी ठरवा. गर्दीच्या कोर्सांना काही कॉलेजांत लॉटरी असते.

"मग मिळतं काय?" सेगफॉल्ट झाला की शेजारी खुर्ची ओढून बसणारे प्राध्यापक. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये दर आठवड्याला दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. तयारी न करता गेलात तर लपायला मागचा बाक नाही. स्वॉर्थमोरला 1922 पासून ऑनर्सची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतात, तोंडीसुद्धा. हे पगाराच्या आकड्यात कसं मांडायचं, ते मला विचारू नका.

पूर्वी मी सांगायचे, पहिलं सत्र मोकळं सोडा, ही कॉलेजं तेवढ्यासाठीच आहेत. आता 21 आधी घ्या म्हणते. पण अठराव्या वर्षीच सगळं आखून घ्यायचं, तर इतक्या लांब जायचं कशाला, हा जुना मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. एखादीला तत्त्वज्ञानच आधी हवं असेल तर मी अडवत नाही, चौथ्या वर्षापर्यंतचा तक्ता तेवढा मागते.

अर्ज करण्याआधी कॅटलॉगवर विसंबू नका, त्यात क्वचितच शिकवले जाणारे कोर्सही असतात. रजिस्ट्रारकडची मागच्या चार सत्रांची वेळापत्रकं काढा आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स कितीदा दिसतं ते बघा. एकदाही दिसलं नाही, तर कॉलेज कितीही नावाजलेलं असो, ते यादीत ठेवण्याआधी डिपार्टमेंटला ईमेल करून कारण विचारा.