चमचाभर मीठ

आज सकाळी आईला घेऊन गल्लीतल्या समाजमंदिरात गेलो. एका हॉस्पिटलचं बीपी-शुगर तपासणी शिबिर होतं. पहिला अर्धा तास सत्कार, नारळ, शाली. जाऊ दे.

मग एक सिस्टर उठल्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर चहाचा एक चमचा सपाट भरून मीठ ओतलं. "हे साधारण ५ ग्रॅम. माणशी अख्ख्या दिवसाचं एवढंच. पापड, लोणचं, फरसाण सगळं ह्यातच आलं." मागून एक काकू म्हणाल्या, "आणि भडंग?" सगळा हॉल हसला. सांगलीत राहून हा प्रश्न येणारच! सिस्टर पण हसल्या, "भडंग पण ह्यातच हो काकू."

आईची शुगर ठीक निघाली. सोबत आलोच आहे म्हणून मीही हात पुढे केला, तर बीपी १४८/९६! सिस्टरनी विचारलं, "चहा कधी घेतला?" आत्ताच, बाहेर टपरीवर. मग पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकून, पाय जमिनीला, मोबाईल खिशात. पुन्हा १४२/९२. म्हणाल्या, एका दिवसाच्या आकड्यावर गोळी सुरू करत नाहीत, आठवडाभर रोज मोजा आणि मग डॉक्टरांना दाखवा. वय ४१ माझं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काहीच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून तर मोजायचं."

रात्री जेवताना आईनं लोणच्याची बरणी उचलून फळीवर ठेवली. माझ्या हाताला येणार नाही अशा फळीवर, असं तिला वाटतंय.