दोनशे तीस अश्वशक्तीचा दुसरा मालक

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, म्हणजे ऑक्टाव्हिया सेडानची अधिक ताकदीची आणि वेगवान आवृत्ती, ही २०१७ सालची आहे आणि ती माझ्या हाती आली तेव्हा तिचे ५८,००० किलोमीटर झाले होते. नवी असताना तिची एक्स-शोरूम किंमत २४ लाख ६२ हजार रुपये होती. मी मोजलेल्या पैशांत आज एखादी नवी, मधल्या आकाराची, सगळ्या सोयींची सेडान वॉरंटीसह आली असती. गाडी घरी आणली त्या दिवशी बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, डिकी उघडून पाहिली आणि विचारले, “चार दारं, मोठी डिकी, हे सगळं साध्या ऑक्टाव्हियातही होतं की रे. मग जास्तीचे पैसे कशाचे दिलेस?” उत्तर मी त्यांना पुढच्या रविवारी खंबाटकी घाटात दिले, त्या उत्तराची खरी किंमत मात्र मला नंतरच्या दीड वर्षात हळूहळू कळत गेली.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या मुळातच थोड्या आहेत. ऑक्टाव्हियाची जोडणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच १.८ लिटर टर्बो (हवा दाबून आत घेऊन जास्त ताकद देणाऱ्या) इंजिनाची, १५० अश्वशक्तीची पहिली आरएस भारतात आली. त्या काळी इतक्या ताकदीची पेट्रोल सेडान आपल्याकडे विरळाच होती, त्यामुळे आज चाळिशी ओलांडलेल्या अनेकांच्या मनात ती घर करून आहे. आरएस २३० मध्ये दोन लिटर टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, आहे, आणि शून्यापासून शंभरचा वेग ती ६.८ सेकंदांत गाठते. त्यानंतरची आरएस २४५ ही २०२० साली पूर्ण तयार स्वरूपात आयात झाली. तिच्या अवघ्या २०० गाड्या आल्या आणि किंमत जवळपास छत्तीस लाखांवर गेली. संख्या एवढी मर्यादित असल्याने जुन्या बाजारातही या गाड्यांचे भाव फारसे उतरत नाहीत. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे: अशी गाडी कोणी केवळ कार्यालयात जाण्यासाठी घेतलेली नसते, म्हणून ती पाहायला जाणाऱ्याने गाडीइतकाच पहिल्या मालकाचा उजवा पाय तपासावा लागतो.

मी पाहिलेली पहिली गाडी दिसायला माझ्या गाडीपेक्षा देखणी होती. रंग चकचकीत, आतील चामडे नुकतेच घासूनपुसून काढलेले, आणि विक्रेत्याने मी पोहोचण्यापूर्वीच इंजिन सुरू करून ठेवलेले. जुनी गाडी नेहमी थंड इंजिनावर पाहावी, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येणारी खडखड आणि मागून निघणारा धूर इंजिन तापल्यावर लपून जातो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. त्या वेळी सोबत नेलेल्या मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडून पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांचे बोल्ट दाखवले. त्यांच्या कडांवर पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे ते पत्रे कधीतरी उतरवले गेले होते. चारही टायर चार वेगवेगळ्या बनावटीचे होते. काकांच्या मते केवळ टायर पाहून मालक कळतो, आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूने आहे: ज्याने चार टायर एकत्र बदलण्याचे पैसे वाचवले, त्याने तेल वेळेवर बदलले असेल यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

त्या गाडीचा सौदा मोडला तो मात्र वेगळ्या कारणाने. स्कॅनर जोडल्यावर इंजिनाच्या संगणकातील मूळ आज्ञावली बदललेली असल्याचे आढळले, म्हणजेच गाडी रीमॅप केलेली होती. “त्यात काय साहेब, ताकद वाढलीच आहे की,” असे विक्रेत्याने हसत सांगितले. टर्बोचा दाब वाढवला की या इंजिनातून आणखी साठ-सत्तर अश्वशक्ती खरोखरच निघते; परंतु तो वाढलेला टॉर्क गिअरबॉक्समधील क्लच, इंजिन माउंट आणि पुढची दोनच चाके यांना सोसावा लागतो, कारण ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला असा बदल दावा करताना अंगाशी येऊ शकतो. ज्याला रीमॅप हवे आहे त्याने ते स्वतःच्या पैशाने आणि माहितीने करावे. दुसऱ्याने कुठे आणि कसे केले हे ठाऊक नसलेले रीमॅप विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

नंतर मिळालेली गाडी दिसायला साधी होती. मागच्या बंपरला ओरखडा होता आणि एका चाकाच्या रिमला कडेने पोचा आला होता, पण मालकाकडे पहिल्या दिवसापासूनची सर्व बिले एका फाईलमध्ये लावलेली होती. बिलांवरील किलोमीटरचे आकडे क्रमाने वाढत गेलेले असले, तर मीटर मागे फिरवल्याची शंका बरीचशी मिटते. गालिच्याखाली हात घालून ओल आणि गंज तपासला, कारण पुरात बुडालेल्या गाड्या दूरच्या शहरांत नेऊन विकल्या जातात आणि त्यांतील विजेच्या जोडण्या वर्षभरानंतर एकेक करून दगा देऊ लागतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. चिखलाची रेघ तिथे सहसा पुसायची राहून जाते.

कर्नाटकात नोंदलेली एक गाडी स्वस्तात मिळत होती, ती मी हिशेब मांडून सोडून दिली. परराज्यातील गाडी इकडे आणायची म्हणजे तिकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, इथे नव्याने नोंदणी करायची आणि कर पुन्हा भरायचा. गाडीच्या वयानुसार त्यात सूट मिळते, तरीही वीस लाखांवरील पेट्रोल गाडीसाठी महाराष्ट्राचा मूळ दर १३ टक्के असल्याने आकडा लहान राहत नाही. तिकडे आधी भरलेला कर परत मिळवण्याची खटपट वेगळीच. पुण्यातच नोंदलेल्या गाडीसाठी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुरले. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्या व्यक्तीचा असतो, हे मला विम्याचा हप्ता पाहिल्यावर कळले. एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवणेही माझ्याच वाट्याला आले.

आता सांभाळण्याविषयी. विकत घेताना आपण मधल्या सेडानचे पैसे देतो, पण गाडीचे सुटे भाग आपण दुसरे मालक आहोत म्हणून स्वस्त होत नाहीत; ते चोवीस लाखांच्याच गाडीचे राहतात. हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो, कारण ६०,००० किलोमीटरला सहा गतींच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या डीएसजी गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर बदलावे लागतात आणि ते काम नेमके माझ्या पुढ्यात येऊन ठेपले होते. या गिअरबॉक्समधील दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे झिजलेल्या क्लचचा गाळ त्याच तेलात फिरत राहतो. हे तेल वेळेवर न बदलता पुढे ढकलणारा मनुष्य काही हजार वाचवून काही लाखांची जोखीम घेत असतो. कंपनीच्या पुस्तकात इंजिनाचे तेल १५,००० किलोमीटरला बदलावे असे लिहिले आहे. मी ते निम्म्या अंतरावर बदलतो, कारण पुण्याच्या वाहतुकीत ताशी पंधरा किलोमीटरने रांगणाऱ्या टर्बो इंजिनाची धाव मीटरवरच्या किलोमीटरने नव्हे तर चाललेल्या तासांनी मोजायला हवी. वर्षाचा खर्च लिहून ठेवण्यासाठी मी एक वही केली आहे. ती घरात कोणाला दाखवत नाही.

सर्वाधिक जपावे लागते ते टायरना. २२५/४० आर १८ या मापाच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम नऊ सेंटिमीटर उंचीची असते, आणि तेवढ्याच रबराच्या भरवशावर रिम आणि खड्डा यांच्यातील अंतर टिकून असते. पहिल्या पावसाळ्यात नवले पुलाच्या अलीकडे पाण्याखाली दडलेल्या एका खड्ड्याने टायरच्या बाजूला कोंबडीच्या अंड्याएवढा फुगा आणला. फुगा म्हणजे आतील धागे तुटलेले असतात आणि असा टायर दुरुस्त होत नाही. तेव्हापासून मी पाऊस सुरू झाला की कार्यालयात दुचाकीने किंवा मेट्रोने जातो. साध्या ऑक्टाव्हियापेक्षा ही गाडी थोडी खालून चालते, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या तळघराच्या उतारावर आणि गावोगावच्या हौशी गतिरोधकांवर ती तिरकी चढवावी लागते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहतो.

शहरात ती मला लिटरमागे आठ किलोमीटर देते आणि महामार्गावर तेरापर्यंत जाते. साध्या पेट्रोलपेक्षा महागडे, अधिक ऑक्टेनचे, म्हणजे दाबाखाली सहज न पेटणारे पेट्रोल मी वापरतो, कारण जास्त दाबाच्या इंजिनात कमी ऑक्टेनचे इंधन वेळेआधी पेटू लागले की संगणक ठिणगी मागे घेतो आणि ज्या ताकदीसाठी आपण एवढा व्याप केला तीच कमी होते.

आणि एवढे करून ती पळवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी शंभरची मर्यादा आहे आणि कॅमेरे बसल्यापासून ती पाळावी लागते; समृद्धी महामार्गावर १२० चालतात, पण तिथला सरळसोट काँक्रीटचा रस्ता या गाडीला कंटाळवाणा वाटत असावा, निदान मला तरी वाटतो. खरी गंमत ताम्हिणी घाटात आहे. सकाळी सहाला निघावे, गिअर स्वतःच्या हाती घ्यावा, आणि वळणातून बाहेर पडताना पाय जरासा दाबला की ती साठ-सत्तरच्या वेगातही अशी ओढ घेते की कायद्याची मर्यादा ओलांडण्याचे कारणच उरत नाही. बाबा हल्ली त्या फेरीला स्वतःहून तयार होतात, फक्त उतारावर दाराची मूठ धरून बसतात. परवा माणगावला चहा पिताना त्यांनी टायरकडे बोट दाखवून ते किती दिवस चालतील असे विचारले. पुढचे दोन दिवाळीपर्यंत जातील, असे मी सांगितले, आणि वहीत त्यासाठी एक पान आधीच राखून ठेवले आहे हे सांगितले नाही.